वजन परत आले? तुम्हीही परत या

२०२४ च्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. रामकुंडाकडून येणारी गर्दी ओसरली होती आणि कंपाउंडर शटर ओढण्याच्या बेतात होता. तेवढ्यात एक बाई सुनेचा हात धरून आत आल्या. पंचवटीतल्याच एका शाळेत त्यांनी तीसहून अधिक वर्षे गणित शिकवले. माझ्या धाकट्या बहिणीच्या त्या वर्गशिक्षिका होत्या, म्हणून मीही त्यांना 'बाई'च म्हणतो. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहिण्याची परवानगी त्यांचीच.)

"काय होतंय, बाई?" मी विचारले.

"पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही," त्या म्हणाल्या. "काल काळाराम मंदिरातून परतताना एका पायाने अनवाणी दहा-बारा पावले चालले. मागून येणाऱ्या मुलीने हाक मारून चप्पल आणून दिली, तेव्हा समजले."

मी त्यांना वजनकाट्यावर उभे राहायला सांगितले. त्या उभ्या राहिल्या, पण मान भिंतीकडे वळवून. म्हणाल्या, "आकडा मोठ्याने वाचू नका, डॉक्टर."

काटा ८९ किलो दाखवत होता. २०१४ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा त्यांचे वजन ११२ किलो होते. दोन वर्षांत ते ७४ वर आले. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, त्या घाटाच्या पायऱ्या चढू-उतरू लागल्या. नंतर हळूहळू वजन पुन्हा वाढू लागले. २०२१ मध्ये त्या तापासाठी माझ्याकडे आल्या, तेव्हा ते ८१ होते. त्या दिवशी मी काय बोललो होतो, ते त्यांनी सांगेपर्यंत मला आठवतही नव्हते. "बाई, एवढा खर्च केलात, पोटावर शस्त्रक्रिया करून घेतलीत, आणि आता पुन्हा?" असे मी म्हणालो होतो. बरोबर असलेली माणसे हसली होती. बाईही हसल्या होत्या. त्यानंतर तीन वर्षे त्या माझ्याच नव्हे, कोणत्याच डॉक्टरकडे गेल्या नाहीत.

हा लेख लिहिण्याचे कारण ते एक वाक्य आहे. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी वजन परत येणे ही वैद्यकाला चांगली परिचित असलेली गोष्ट आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. मात्र त्या वजनाची लाज वाटून माणूस तपासणीलाच येईनासा झाला, तर जे नुकसान होते ते त्या किलोंपेक्षा कितीतरी मोठे असते.

कोणती शस्त्रक्रिया झाली, हे आधी माहीत हवे

महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया घराघरांत चर्चेचा विषय झाली ती साधारण २०११ मध्ये. त्या वर्षी भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतल्याच्या बातम्या आल्या आणि अनेकांनी आपापल्या डॉक्टरांकडे चौकशी सुरू केली. त्या सुमारास पन्नाशीत असताना शस्त्रक्रिया करून घेतलेली माणसे आज पासष्टीत आहेत. म्हणूनच हा प्रश्न आता ज्येष्ठांचा आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचा झाला आहे.

आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार आढळतात. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. त्यामुळे अन्न कमी मावते आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. जुन्या काही रुग्णांच्या जठराभोवती पट्टाही बसवलेला असतो. तिन्हींत पुढे उद्भवणारे प्रश्न वेगवेगळे असतात. आपली किंवा आपल्या घरच्या माणसाची शस्त्रक्रिया नेमकी कोणती, हे माहीत नसेल तर जुनी फाईल आजच शोधून ठेवा.

आकडे काय सांगतात

या विषयावरचा एक मोठा आणि दीर्घ अभ्यास स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झाला. शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक व्यक्ती आणि तेवढ्याच शस्त्रक्रिया न झालेल्या लठ्ठ व्यक्ती यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा ते मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमी होते. पट्टा बसवलेल्यांचे वजन आधी २० टक्क्यांनी उतरले, दहा वर्षांनी घट १४ टक्क्यांवर आली. थोडक्यात, जवळजवळ प्रत्येक गटात काही वजन परत आले. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा लक्षणीयरीत्या कमी राहिले.

हे सांगून मी बाईंपुढे कागद ठेवला. "वजाबाकी तुम्हीच करा."

त्यांनी लिहिले. ११२ मधून ७४ गेले, ३८ किलो कमी झाले. त्यांतले १५ परत आले. उरले २३.

"म्हणजे तेवीस किलो अजूनही गेलेलेच आहेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. शस्त्रक्रिया सर्वस्वी 'वाया' गेली नव्हती. कागदावर तो आकडा त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

याचा अर्थ परत आलेल्या वजनाकडे दुर्लक्ष करावे असा नाही. थोडी वाढ अपेक्षित असते. ती वाढतच चालली, किंवा सुटलेला मधुमेह, रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास परतला, तर तो उपचाराचा विषय आहे.

वजन परत का येते?

'जिभेवर ताबा नाही' हे उत्तर सोपे आहे आणि बहुतांशी अपुरे आहे.

आपले शरीर वजन घटणे हे संकट समजते. दुष्काळात तग धरण्यासाठी घडलेले हे शरीर आहे. वजन उतरले की ते विश्रांतीच्या अवस्थेतला ऊर्जेचा खर्च कमी करते आणि भुकेची हाक वाढवते. जठराच्या वरच्या भागात 'घ्रेलिन' नावाचे भूक वाढवणारे संप्रेरक तयार होते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधले. स्लीव्हमध्ये तो भागच काढला जात असल्यामुळे सुरुवातीला भूक जणू हरवते. पुढे शरीर जुळवून घेते आणि बऱ्याच जणांची भूक काही प्रमाणात परतते. जठराची नळी वर्षांनुवर्षे थोडी ताणली जाते. बायपासमधली जोडणीची जागाही कधीकधी रुंदावते.

यात उतारवय आपली भर घालते. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. शस्त्रक्रियेनंतर झपाट्याने वजन घटते, तेव्हा चरबीबरोबर काही स्नायूही जातात. नंतर परत येणाऱ्या वजनात मात्र बहुतेक चरबीच असते. त्यामुळे ८९ किलोचा माणूस पूर्वीच्या ८९ किलोच्या माणसापेक्षा अशक्त असू शकतो. गुडघे दुखतात म्हणून चालणे थांबते, चालणे थांबले की स्नायू आणखी जातात.

औषधांकडेही पाहायला हवे. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, नैराश्य, झोप व फिट्स यांवरची काही औषधे, नसांच्या वेदनांवरची प्रिगाबालिनसारखी औषधे यांनी वजन वाढू शकते. थायरॉइड मंद झाली तरीही वाढते. या औषधांपैकी एकही आपल्या मनाने बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ठेवा आणि 'यांतल्या कशाने वजन वाढते?' एवढेच विचारा.

आणि एकटेपणा. बाईंचे यजमान २०२० मध्ये गेले. त्याच्या आदल्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या होत्या. एकेकाळी दोन तासिकांमध्ये घाईघाईने होणारा चहा आता दिवसातून पाच वेळा होऊ लागला. प्रत्येक वेळी दोन चमचे साखर आणि दोन खारी. साखरेचा हिशेब बाईंनीच केला. दिवसाला दहा चमचे म्हणजे पन्नास ग्रॅम, महिन्याला दीड किलो. जेवण त्या खरोखरच थोडे जेवत होत्या. लहान झालेल्या जठरात पोळी-भाजी कमी मावते. पातळ, गोड आणि तोंडात विरघळणारे पदार्थ मात्र सहज सरकतात. म्हणूनच 'मी तर काहीच खात नाही' हे बोलणे खोटे नसते. दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकत राहण्याची सवय जेवणाच्या हिशेबात धरली जात नाही, एवढेच.

बायपास झालेल्यांत आणखी एक फसवा प्रकार दिसतो. गोड किंवा मैद्याचे खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी साखर अचानक उतरते. घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. माणूस घाबरून पुन्हा गोड खातो, आणि चक्र सुरू राहते. हा अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. ग्लुकोमीटर असेल तर त्या वेळची साखर मोजा आणि डॉक्टरांना सांगा.

लाजेमुळे होणारे नुकसान

आता चपलेकडे वळू. बाईंच्या पायांतली संवेदना कमी झाली होती. रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. लोहाचा साठा संपत आला होता, हिमोग्लोबिन ९ च्या आसपास होते आणि मधुमेह परतला होता. बी-१२ शोषण्यासाठी लागणारा एक घटक जठरात तयार होतो. जठर लहान झाले की तो कमी पडतो. बाई शाकाहारी, आणि पित्तावरची गोळी वर्षांनुवर्षे सुरू. ही दोन्ही कारणे त्यात मिळाली. 'आयुष्यभर घ्यायच्या' म्हणून सांगितलेल्या गोळ्या त्यांनी २०२१ मध्येच बंद केल्या होत्या. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "वजनच परत आले, तर आता गोळ्या कशाला?"

या एका गैरसमजासाठी हा लेख कापून ठेवला तरी चालेल. वजन परत आले म्हणजे जठर परत आले असे नव्हे. शस्त्रक्रिया झालेले पोट जन्मभर तसेच राहते. जीवनसत्त्वांची आणि क्षारांची गरज वजन ७४ असो वा १०४, तेवढीच राहते. बाहेरून देह भरलेला दिसतो, म्हणून आत कुपोषण असेल असे कोणाला वाटत नाही, घरच्यांना नाही आणि कधीकधी डॉक्टरांनाही नाही. बी-१२ची कमतरता फार काळ राहिली तर नसांची हानी पूर्ण भरून येत नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडले तर हाडे ठिसूळ होतात. त्यात पायाला जमीन कळेनाशी झाली, तर न्हाणीघरातली एक घसरण खुब्याचे हाड मोडायला पुरते.

डॉक्टरांकडे गेल्यावर

पहिल्या भेटीत काय व्हावे, हे आपल्याला माहीत असलेले बरे.

वजनाबरोबर कमरेचा घेर मोजावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराची एक खोड जगापुढे मांडली. त्याच वजन-उंचीच्या युरोपीय माणसापेक्षा आपल्यात चरबीचे प्रमाण अधिक असते, आणि ती पोटात साठते. म्हणून आपल्याकडे स्त्रियांनी ८० आणि पुरुषांनी ९० सेंटिमीटर ही कमरेची धोक्याची रेषा मानावी.

रक्तात हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत आणि चरबी यांची तपासणी वर्षातून एकदा करावी. साठीनंतर हाडांची घनता मोजण्याबद्दल विचारावे. जेवण एकाएकी पूर्वीपेक्षा बरेच जास्त जाऊ लागले असेल, छातीत जळजळ किंवा उलट्या असतील, तर शल्यचिकित्सक दुर्बिणीने किंवा बेरियमच्या एक्स-रेने जठराची रचना पाहतात. जुने शल्यचिकित्सक आता उपलब्ध नसतील तर फाईल घेऊन दुसऱ्यांकडे जाण्यात काही गैर नाही.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांपासून सावध राहा. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनी, विशेषतः बायपास झालेल्यांत, जोडणीच्या जागी व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. कोणत्याही डॉक्टरकडे, दंतवैद्याकडेसुद्धा, 'माझ्या पोटाची शस्त्रक्रिया झालेली आहे' हे पहिल्यांदा सांगा, मग तिला पंधरा वर्षे झालेली असोत.

ताटात काय असावे

उपाशी राहणे हा उपाय नव्हे. उतारवयात उपाशी राहिले की आधी स्नायू जातात. शस्त्रक्रिया झालेल्यांना दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने सांगितली जातात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. आपल्या स्वयंपाकघरात ती कुठून येतील? घट्ट वरणाच्या वाटीत सुमारे ६ ते ७ ग्रॅम, एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ६ ते ७, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९, मूठभर फुटाण्यांत ६, पंचवीस ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत सुमारे १३. सकाळी पोह्यांऐवजी मुगाचे धिरडे, दुपारी भाकरीच्या आधी मटकीची उसळ, रात्री भाताआधी घट्ट वरण, असा क्रम ठेवला तर गणित जमते. नियम एकच, ताटातले प्रथिनांचे पदार्थ आधी खावेत, पोळी-भात मागाहून. जेवताना पाणी पिऊ नये, ते अर्ध्या तासाने प्यावे. घास चावून, वीस-पंचवीस मिनिटे जेवावे.

आपल्या पंचवटीत उपवासांची उणीव नाही. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र. श्रद्धेच्या आड यावे असे मला वाटत नाही. मात्र साबुदाण्याची खिचडी, वडे आणि बटाट्याचा कीस यांत पिष्ट आणि तेल भरपूर, प्रथिने नगण्य. उपवास करायचाच तर दही, ताक, दूध, पनीर, थोडे शेंगदाणे आणि राजगिरा यांवर करावा. मधुमेहाची औषधे चालू असतील तर उपवासाच्या दिवशीचे प्रमाण आधी विचारून घ्यावे.

चालणे पुरेसे नाही

पासष्टीपुढच्या व्यक्तींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेला सल्ला असा आहे: आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम चालणे किंवा तत्सम हालचाल, किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. पहिला भाग सगळ्यांना माहीत असतो, उरलेले दोन कोणी करत नाही. व्यायामशाळेची गरज नाही. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि हातांचा आधार न घेता, किंवा सुरुवातीला घेऊन, पाच वेळा उठावे-बसावे. जमेल तसे दहापर्यंत न्यावे. ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या हातात घेऊन वर-खाली कराव्यात. गुडघे दुखत असतील तर एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा दहा-दहा मिनिटे तीनदा चालावे. पायांची संवेदना कमी असेल तर घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर एकट्याने जाऊ नये.

इंजेक्शने आणि दुसरी शस्त्रक्रिया

मार्च २०२५ मध्ये 'मौंजारो' आणि जून २०२५ मध्ये 'वेगोव्ही' ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने भारतात आली. त्यानंतर 'डॉक्टर, तेच लिहून द्या' अशी मागणी सुरू झाली. ही औषधे भूक कमी करतात आणि शस्त्रक्रियेनंतर वजन परत आलेल्यांतही उपयोगी ठरू शकतात. पण ज्येष्ठांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ती थांबवली की वजन पुन्हा वाढण्याकडे कल असतो. दोन, भूक मेल्यामुळे प्रथिने कमी जातात आणि स्नायू आणखी घटतात. तीन, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. चार, स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल किंवा घरात थायरॉइडच्या विशिष्ट कर्करोगाचा इतिहास असेल, तर ते आधी सांगायलाच हवे. शेजाऱ्याला गुण आला म्हणून ही औषधे आणू नयेत.

दुसरी शस्त्रक्रिया, उदाहरणार्थ स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर, काही निवडक रुग्णांना लाभते. विशेषतः छातीतली जळजळ असह्य झाली असेल किंवा रचनेतच दोष आढळला असेल तेव्हा. पण दुसऱ्या वेळची शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड आणि अधिक जोखमीची असते. वय, हृदय आणि हाडे पाहूनच तो निर्णय घ्यावा, तोही रक्तातली कमतरता भरून काढल्यानंतर.

घरच्यांसाठी

आपण मुलगा, मुलगी, सून किंवा जोडीदार असाल तर मी केलेली चूक आपण करू नका. 'एवढे पैसे घातले' हे वाक्य कायमचे टाकून द्या. बरणीला कुलूप लावू नका, पाहुण्यांपुढे ताटाकडे बोट दाखवू नका. त्याने खाणे थांबत नाही, फक्त लपून होते. त्याऐवजी तीन कामे करा. गोळ्यांचा डबा आठवड्याचा भरून ठेवा. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर असू द्या. वर्षातून एकदा तपासणीला स्वतः बरोबर जा. आणि दिवसातले एक जेवण किंवा एक चहा तरी सोबत घ्या. खारीची जागा बहुधा सोबतच घेऊ शकते. उदासपणा, झोप न लागणे, कशातच रस नसणे किंवा दारूकडे वळणे दिसले तर मनाच्या डॉक्टरांचाही सल्ला घ्या. शस्त्रक्रियेनंतर दारू, विशेषतः बायपासमध्ये, फार लवकर चढते.

थांबू नये अशी काही लक्षणे आहेत. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे, पायांना सूज आणि धाप. ही चरबी नसून अंगात साठलेले पाणी असू शकते, म्हणजे हृदय किंवा मूत्रपिंडाची तक्रार. दिवसेंदिवस उलट्या होऊन काही न टिकणे, विशेषतः चालताना तोल जाणे किंवा गोंधळल्यासारखे वागणे. काळी शौच किंवा रक्ताची उलटी. पोटात अचानक तीव्र वेदना. घाम येऊन शुद्ध हरपणे. यांत घरगुती उपाय नको, थेट रुग्णालय गाठा.

बाईंचे पुढे काय झाले

बी-१२ची इंजेक्शने सुरू केली, लोह दिले, मधुमेहाचे औषध नव्याने ठरवले. चहा पाचाचे तीन झाले, साखर अर्धा चमचा. खारी पूर्ण सुटली नाही, रविवारी एक असते. सून रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर खुर्चीवरून उठण्याबसण्याचा व्यायाम करते. दोघी आकडे मोठ्याने मोजतात. दहा महिन्यांनी वजन ८४ किलो होते, तीन महिन्यांची साखर ७.८ वरून ६.७ वर आली होती. पायांतल्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, पण बोटांच्या टोकांशी बधिरपणा उरला आहे. तो बहुधा राहील. तीन वर्षे आधी त्या आल्या असत्या तर कदाचित राहिला नसता. त्या तीन वर्षांतला माझा वाटा मी नाकारत नाही.

मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "वर्गात एखाद्याचे गणित चुकले तर मी त्याला फळ्यापाशी बोलवत असे, वर्गाबाहेर काढत नसे."

वाचकहो, आपले किंवा आपल्या माणसाचे वजन परत आले असेल, तर या आठवड्यात एवढेच करा. जुनी फाईल शोधा, सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि आपल्या डॉक्टरांकडे जा. आणि त्यांनी माझ्यासारखे काही सुनावले, तर हा अंक त्यांच्यापुढे ठेवा.